गच्चीवरचा कुत्रा आणि तक्रारीची वही

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागला की दुपारी बारा ते पाच या वेळात रस्ते ओस पडतात आणि घरोघरी कुलरच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज उरत नाही. समजा, अशाच एका दुपारी मानेवाड्यातील किंवा त्रिमूर्तीनगरातील एखाद्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला जेमतेम दोन हात लांबीच्या साखळीने एक कुत्रा बांधलेला आहे. टाकीची सावली सकाळी दहानंतर त्याच्यापासून दूर जाते, आणि पाण्याचे घमेले त्याच्याच धडपडीत कधीचे कलंडले आहे. आजूबाजूच्या तीन घरांच्या खिडक्यांतून तो दिसतो. पहिल्या आठवड्यात लोक हळहळतात, दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचे भुंकणे थांबते तेव्हा, मान्य करणे जड जाते खरे, पण सगळ्यांनाच थोडे हायसे वाटते. वास्तविक तहानलेल्या, उन्हाने भाजलेल्या कुत्र्याचे गप्प होणे हे या सगळ्या काळातील सर्वांत वाईट लक्षण असते.

क्रूरता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काठी, दगड किंवा उकळते पाणी येते. घरात पाळलेल्या प्राण्याचे हाल मात्र पुष्कळदा कोणी काही केल्यामुळे होत नाहीत. जे करायला हवे होते ते न केल्यामुळे होतात. पाणी भरले नाही, जखम धुतली नाही, घर बदलताना मांजर मागेच ठेवले, पिल्लू वाढले तरी त्याचा गळपट्टा सैल केला नाही. या न करण्यालाही कायदा गुन्हा मानतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

याविषयीचा मूळ कायदा म्हणजे १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम. राज्यसभेच्या सदस्य असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडले होते. सरकार स्वतः कायदा आणील अशा आश्वासनानंतर ते मागे घेतले गेले, पुढे हा कायदा झाला आणि त्याखाली १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. या कायद्याचे कलम ३ प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याच्या कल्याणाची आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याची जबाबदारी टाकते. कलम ११ मध्ये क्रूरतेचे प्रकार एकेक करून सांगितले आहेत, आणि त्यांत मारहाण, विषप्रयोग यांच्या बरोबरीने अगदी घरगुती वाटणाऱ्या गोष्टी येतात: प्राण्याला हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात कोंडणे, अवाजवी आखूड किंवा अवजड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, मालक असून पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे, आणि उपासमारीने किंवा तहानेने त्याचे हाल होतील अशा परिस्थितीत त्याला सोडून देणे. गच्चीवरचा आपला कुत्रा यांपैकी निदान तीन गोष्टींत बसतो. मालकाने त्याच्यावर कधी हात उगारला होता की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

शिक्षेकडे वळले की मात्र १९६० साल अंगावर येते. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडे तर्री-पोह्याच्या एका प्लेटीला यातल्या कमीत कमी दंडाहून अधिक पैसे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती आणि जल्लिकट्टू यांसंबंधीच्या निकालात या तुटपुंज्या शिक्षेकडे संसदेचे लक्ष वेधले होते. २०२२ मध्ये दुरुस्तीचा मसुदाही लोकांपुढे ठेवला गेला. आकडे अजून तेच आहेत. त्याच २०१४च्या निकालाने एक मोलाचे काम केले. भूक आणि तहान, शारीरिक गैरसोय, वेदना व रोग, भीती व मानसिक ताण यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, ही जगभर मानली जाणारी पाच स्वातंत्र्ये त्याने कलम ३ आणि ११ यांचा अर्थ लावताना आधाराला घेतली. प्राण्याची स्थिती पाहताना काय काय तपासायचे, याची चौकट तेथे आयतीच मिळते.

आता ठाण्यात काय होते ते पाहू. तक्रारदार तावातावाने जातो, पोलीस एक अदखलपात्र नोंद घेतात, ज्याला आपण एनसी म्हणतो, आणि तक्रारदार "काहीच केले नाही" म्हणत परततो. यात प्रत्येक वेळी पोलिसांची अनास्थाच असते असे नाही. कलम ११ मधील बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. प्राण्याला अवयव तोडून विद्रूप करणे किंवा अनावश्यक क्रूर रीतीने ठार मारणे यांसारखे मोजकेच प्रकार या कायद्याने दखलपात्र ठरवले आहेत. परंतु तक्रारदाराला आणि कित्येकदा ठाणे अंमलदारालाही माहीत नसलेले दोन दरवाजे याच चौकटीत आहेत.

पहिला दरवाजा कलम ३४चा. या कायद्याखालचा गुन्हा घडला आहे किंवा घडत आहे असे मानण्यास कारण असेल, तर शिपायाहून वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी त्या प्राण्याला ताब्यात घेऊन जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा विहित पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. तसे पाहिले तर गच्चीवरच्या कुत्र्याला मालकाच्या अटकेची गरजच नाही; त्याला गरज आहे ती डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची. म्हणून अर्जात "मालकावर कारवाई करा" या ओळीच्या आधी "कलम ३४ अन्वये प्राण्याची पशुवैद्यकीय तपासणी करवून घ्यावी" अशी स्पष्ट मागणी असली पाहिजे.

दुसरा दरवाजा भारतीय न्याय संहितेचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेचे कलम ३२५ कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, अपंग करणे किंवा निकामी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करते आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. जुन्या दंडसंहितेत याच गुन्ह्याची दोन कलमे होती आणि त्यांत प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये असा हिशेब होता. तो आता गेला. एकाच घटनेत एक दखलपात्र आणि दुसरा अदखलपात्र गुन्हा असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र मानून तपास करता येतो. तथापि हे कलम जाणूनबुजून केलेल्या नुकसानीच्या (इंग्रजीत मिस्चिफ) गुन्ह्यांत मोडते, म्हणजे तेथे हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. निव्वळ हलगर्जीपणाने उपाशी ठेवलेल्या प्राण्यासाठी ते सहज लागू पडेल असे गृहीत धरू नये.

चुकीचे कलम लावल्याने काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच उच्च न्यायालयाचे आहे. दुचाकीखाली कुत्रा सापडून मेल्याच्या प्रकरणात पोलिसांनी माणसाचा जीव धोक्यात घालण्याची आणि माणसाला इजा करण्याची कलमे लावली होती. कुत्र्या-मांजरांना लोक घरच्या लेकरासारखे मानत असले तरी ही कलमे माणसांपुरतीच आहेत, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला आणि शासनाला २०,००० रुपयांचा खर्च लावला. जास्त जड कलम मागितल्याने तक्रार जड होत नाही.

तक्रारीला वजन येते ते तारखांनी. कलम ३६ प्रमाणे या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. "गेली दोन वर्षे त्या कुत्र्याचे हाल चालू आहेत" हे वाक्य ऐकायला भयंकर वाटते, पण न्यायालयासाठी ते जवळपास निरुपयोगी असते. त्याऐवजी एका साध्या वहीत अशा नोंदी असाव्यात: "१२ मे, दुपारी २.१०, गच्चीवर सावली नाही, पाण्याचे भांडे उलटे, सायंकाळी ६.४०, भांडे तसेच. १३ मे, सकाळी ७, कुत्रा उठून उभा राहिला नाही." आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदी, त्याही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या तेवढ्याच, कारण शेजारणीने सांगितलेले आपल्या वहीत आले की उलटतपासणीत सगळी वहीच संशयास्पद ठरते. शेजारणीने तिची स्वतःची नोंद ठेवावी, हे उत्तम. प्राणी मरणाच्या दारात असेल तर अर्थातच आठ दिवस वही लिहीत बसायचे नाही. ११२ वर फोन करून त्याच दिवशी ठाण्यात अर्ज द्यायचा.

छायाचित्रे आणि चित्रफिती यांचेही तसेच आहे. आपल्या हद्दीतून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून जेवढे दिसते तेवढेच टिपावे. आधी घर आणि परिसर ओळखू येईल असे दूरचे दृश्य, मग जवळचे दृश्य, आणि शक्य असेल तेथे मापाला आधार म्हणून एखादी ओळखीची वस्तू चौकटीत यावी. व्हॉट्सअॅपवरून पुढे गेलेल्या प्रतीत मूळ फाइलमधील वेळेची व ठिकाणाची माहिती सहसा टिकत नाही. म्हणून मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये टिपली त्यातून पुसू नये, तिच्यावर गाणे, बाण, लाल वर्तुळ काहीही चढवू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि ते देण्यासाठी तो मोबाइल कोणाचा, कधी टिपले, हे सांगणारा माणूस पुढे यावा लागतो. ग्रुपवर फिरून आलेल्या चित्रफितीला असा कोणी धनी नसतो. शिवाय ती ग्रुपवर पडली की मालक सावध होतो आणि कुत्रा एका रात्रीत हिंगण्याकडच्या कोणा नातेवाइकाच्या शेतावर पोहोचतो.

याचा अर्थ दिसले की लगेच तक्रार करावी असाही नाही. हाडे दिसणारे प्रत्येक जनावर उपाशी ठेवलेले नसते. म्हातारपण, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, जंत, आपल्याकडे सर्रास आढळणारा गोचीड ताप, यांतले काहीही प्राण्याला महिनाभरात सुकवू शकते. आणि खरजेवर नीट औषधपाणी चालू असलेला कुत्रा दिसायला बेवारशी कुत्र्याहून वाईट दिसतो. मालक एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ असतील, गुडघ्यांमुळे त्यांना गच्ची चढवत नसेल, तर "काका, संध्याकाळी याला मी फिरवून आणू का?" या प्रश्नाने जे होईल ते कोणत्याही कलमाने होणार नाही. बोलण्याने मार्ग निघतो की नाही हे दोन-तीन भेटींत कळते, आणि त्या भेटींचीही तारीख वहीत जाते. मात्र घरात मारहाणीचे वातावरण असेल, बाई किंवा मुले धास्तावलेली दिसत असतील, तर परस्पर बोलायला जाऊ नये. प्राण्यावरचा राग आणि घरच्यांवरचा राग पुष्कळदा एकाच हातातून निघतो, आणि आपल्या भेटीची किंमत घरातल्या दुबळ्या माणसाला मोजावी लागू शकते. एकाच फ्लॅटमध्ये वीस-पंचवीस मांजरे कोंडलेली असतात तो प्रकार आणखी वेगळा. तेथील माणूस बहुधा प्राण्यांवर जीव टाकणाराच असतो, पण सांभाळ हाताबाहेर गेलेला असतो आणि तो दार उघडायला तयार नसतो. तेथे प्राण्यांच्या डॉक्टरइतकीच माणसाच्या डॉक्टरचीही गरज असते.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळायचा: रात्री भिंतीवरून उडी मारून कुत्र्याला सोडवून आणण्याचा. हेतू कितीही चांगला असला तरी तो अतिक्रमणाचा आणि चोरीचा गुन्हा ठरू शकतो. गंमत अशी की आपल्या फौजदारी कायद्यात चोरीची व्याख्या समजावण्यासाठी जी उदाहरणे दिली आहेत त्यांत दुसऱ्याच्या कुत्र्याला खाऊचे आमिष दाखवून मागे न्यायचे उदाहरण १८६० पासून आहे. शिवाय सोडवून आणलेल्या कुत्र्याची त्या दिवशी कोणती अवस्था होती, हे सांगणारा निःपक्षपाती कागद मग उरत नाही.

अर्ज एका पानाचा पुरे. ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे, कोण, कोठे, केव्हापासून, काय पाहिले, कोणता प्राणी, रंग, पट्टा, साखळीची अंदाजे लांबी; मालकाचे नाव माहीत नसेल तर पत्ता; शेवटी मागणी. त्याची पोच शिक्का व तारखेसह घ्यावी. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी, कारण २००१च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी असणे अपेक्षित आहे, आणि एक प्रत जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाकडे. ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारली तर लेखी अर्ज वरिष्ठांकडे, नागपूर शहरात पोलीस उपायुक्तांकडे, पाठवता येतो, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे. अदखलपात्र बाबतीत थेट दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करण्याची वाटही मोकळी आहे; तीन महिन्यांचा हिशेब मात्र तेथेही चुकत नाही.

आता डॉक्टरांच्या टेबलाकडे येऊ, कारण अशा प्रकरणाचा निकाल बहुतेक वेळा तेथेच लागतो. या बाबतीत नागपूरकरांचे नशीब बरे आहे. सेमिनरी हिल्सच्या बाजूला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि ते ज्या विद्यापीठाच्या अखत्यारीत येते त्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे.

उपचार करणारा डॉक्टर आणि तपासासाठी प्राणी पाहणारा डॉक्टर एकच असला तरी दोन्ही वेळी त्याने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. उपचारात प्रश्न असतो की याला बरे कसे करायचे. तपासात प्रश्न असतो की हे किती दिवसांपासून चालू आहे आणि मालकाच्या लक्षात आलेच नसेल हे शक्य आहे का. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्राण्याचे शरीर पुष्कळ अचूक देते. वजनाखेरीज अंगावरील मांस आणि चरबी हाताने चाचपून १ ते ९ या मोजपट्टीवर गुण देतात. ४-५ म्हणजे योग्य, १ म्हणजे बरगड्या, पाठीचा कणा आणि कमरेची हाडे दुरूनही दिसणारा सापळा. गळपट्टा कातडीत रुतून त्यावर मांस चढलेले असेल तर ती एका दिवसाची गोष्ट नव्हे, त्याला आठवडे लागतात. वाढून वळलेली आणि पंजाच्या गादीत घुसलेली नखे, गुंता होऊन घट्ट चिकटलेली लव, कोपरांवरचे घट्टे आणि फोड, हे सगळे एक प्रकारचे कॅलेंडरच असते. जखमेत अळ्या पडल्या असतील तर त्यांच्या वाढीवरून ती किमान किती दिवस उघडी आहे याचा अंदाज बांधता येतो. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताचा धोका दारात उभा असतो, कारण माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, धाप टाकूनच त्याला उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही धड जमत नाही.

यांतला सर्वांत बोलका पुरावा मात्र तपासणीच्या दिवशी मिळत नाही. तो पुढच्या तीन-चार आठवड्यांत मिळतो. रक्ताच्या तपासणीत वजन घटवणारा आजार सापडला नाही, आणि केवळ रोजचे साधे, मोजून दिलेले अन्न खाऊन त्या कुत्र्याचे वजन आठवड्यामागून आठवडा चढत गेले, तर "साहेब, त्याला खाल्लेले अंगी लागतच नव्हते" हा बचाव त्या वजनाच्या तक्त्यापुढे टिकत नाही. म्हणून ताब्यात घेतलेल्या प्राण्याचे वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर, तारखेसह लिहून ठेवणे हे पिंजरा झाडण्याइतकेच नेमाचे काम असले पाहिजे. पहिल्या दिवसांत त्याला दयेपोटी भरपेट खाऊ घालणेही धोक्याचे असते. दीर्घ उपासानंतर एकदम अन्न मिळाले की रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून प्राणी दगावू शकतो. थोडे थोडे आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच द्यायचे.

विषप्रयोगाच्या संशयात घाई वेगळ्या कारणासाठी असते. आपल्या भागात शेतीची कीटकनाशके आणि उंदीर मारण्याचे औषध सहज मिळते, आणि पिठाच्या गोळ्यात किंवा मटणाच्या तुकड्यात ते घालणारा माणूस आपल्या कॉलनीत नसतोच असे छातीठोकपणे सांगता येत नाही. मृत प्राण्याला लोक हळहळून लगेच पुरतात, आणि त्याच्याबरोबर पुरावाही पुरला जातो. तसे न करता ठाण्यात कळवून जागेचा पंचनामा करवून घ्यावा, वांती आणि उरलेले अन्न हातमोजे घालून स्वच्छ काचेच्या बरणीत ठेवावे, मृत शरीर बर्फाच्या लाद्यांमध्ये थंड ठेवावे. गोठवू मात्र नये, कारण गोठवल्याने पेशींची रचना मोडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळेनासे होते. उन्हाळ्यात आपल्या हाती मोजके तास असतात. शवविच्छेदनात पोटातील अन्न, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे विषतपासणीसाठी संपृक्त मिठाच्या पाण्यात आणि पेशींच्या तपासणीसाठी वेगळे फॉर्मलिनमध्ये ठेवतात. दोन्हींची अदलाबदल झाली तर नमुना वाया जातो. मोहोरबंद नमुने पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, आणि बरणी कोणाच्या हातातून कोणाच्या हातात केव्हा गेली याची साखळी कागदावर अखंड असावी लागते. मृत प्राण्याच्या मालकाने स्वतः उचलून नेलेल्या बरणीचा अहवाल कितीही स्पष्ट आला तरी बचावाचा वकील पहिला प्रश्न त्या प्रवासाबद्दलच विचारतो.

ताब्यात घेतलेला प्राणी खटला चालेपर्यंत मुद्देमाल असतो. हा शब्द ऐकून वाईट वाटते, पण त्यातच त्याचे संरक्षणही आहे. २०१७च्या नियमांनुसार दंडाधिकारी अशा प्राण्याला खटल्याच्या काळात रुग्णालय, पांजरपोळ किंवा प्राणिकल्याण संस्थेच्या हवाली करू शकतात आणि त्याच्या खाण्यापिण्याच्या व औषधपाण्याच्या खर्चाची जबाबदारी मालकावर टाकू शकतात. दहा रुपयांच्या दंडाला न घाबरणारा माणूस दरमहा खर्चाच्या हमीपत्राला मात्र बराच घाबरतो, हे व्यवहारातील सत्य तक्रारदाराने लक्षात ठेवावे. पुष्कळ मालक याच टप्प्यावर प्राण्यावरचा हक्क लेखी सोडून देतात. दोष सिद्ध झाला तर कलम २९ प्रमाणे न्यायालय मालकी काढून घेऊ शकते आणि त्या माणसाला पुढे प्राणी बाळगण्यास मनाईही करू शकते. म्हणून सरकारी वकिलांकडे लेखी विनंती करायची ती या कलमाची. ती कोणी केलीच नाही, तर पन्नास रुपये भरून मालक मोकळा होतो आणि त्याच सायंकाळी कुत्रा परत नेण्याचा अर्ज देतो.

साक्षीचे समन्स येते तेव्हा वर्ष-दीड वर्ष उलटलेले असू शकते. त्या काळात घर बदलले, नंबर बदलला, तर तो ठाण्याला कळवणे तक्रारदाराचेच काम आहे. न्यायालयात स्मरणशक्ती ताजी करण्यासाठी त्या वेळी स्वतः लिहिलेली नोंद पाहण्याची परवानगी साक्षीदाराला मिळू शकते. ती वही तेव्हा मूळ स्वरूपात, पाने न फाडता, खाडाखोड न करता हातात असावी लागते.